बाळाचा चेहरा आणि मोठ्यांचा मेंदू : गावातल्या बैठकींत नेहमी येणारे प्रश्न

यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांतल्या गावांत अंगणवाडीच्या ओट्यावर बाळंतिणी, त्यांच्या सासवा, आशाताई आणि कधीमधी एखादा बाप अशा बैठकी भरतात. बाळाचं वजन, लस, दूध हे विषय झाले की हळूच दुसरे प्रश्न निघतात. माया कुठून येते, कधी कधी ती का येत नाही, रडणं ऐकून डोकं का फिरतं? मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनी गेल्या काही दशकांत या प्रश्नांवर बरंच काम केलं आहे. ते आपल्या बाळंतिणींपर्यंत पोहोचावं म्हणून हे पान.

लहान लेकराचं तोंड पाहिलं की माणूस एवढा का हरखतो?

ऑस्ट्रियाचे प्राणी-वर्तनाचे अभ्यासक कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ साली याचं उत्तर बाळाच्या चेहऱ्याच्या ठेवणीत शोधलं. अंगाच्या मानाने मोठं डोकं, पुढे आलेलं कपाळ, चेहऱ्यात जरा खाली बसलेले टपोरे डोळे, गोबरे गाल, चिमुकलं नाक आणि इवलीशी जिवणी. ही ठेवण दिसली की मोठ्या माणसात जपण्याची ओढ जागी होते, असं त्यांचं म्हणणं. वासरू किंवा करडू पाहूनही हात आपोआप पुढे जातो तो यामुळेच.

त्या क्षणी मेंदूत काय घडतं, हे २००८ साली ऑक्सफर्डमध्ये मॉर्टन क्रिंगेलबाख आणि सहकाऱ्यांनी मोजलं. बारा जणांना अनोळखी बाळांचे आणि अनोळखी मोठ्या माणसांचे चेहरे दाखवले. चेहऱ्यांकडे नीट बघा असंही त्यांना सांगितलं नव्हतं. पडद्यावरच्या लाल फुलीचा रंग बदलतो का, एवढ्यावरच लक्ष ठेवायचं होतं. तरीही बाळाचा चेहरा समोर आल्यावर सेकंदाच्या साधारण सातव्या हिश्श्यात, डोळ्यांच्या खोबणीच्या लगेच वर असलेला मेंदूचा भाग जागा झाला. त्याला ऑर्बिटोफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात. एखादी गोष्ट आपल्याला किती हवीशी आहे, हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा असतो. मोठ्यांच्या चेहऱ्यांना तसा प्रतिसाद दिसला नाही. लेकरू आपलं की परक्याचं, कोणाच्या घरचं, हा विचार मनात येण्याआधीच मेंदूने बाळाची दखल घेतलेली असते.

हे फक्त आईलाच होतं ना?

नाही. २००९ साली मेलानी ग्लॉकर आणि सहकाऱ्यांनी मूल न झालेल्या सोळा बायकांना बाळांचे फोटो दाखवले. फोटोंत थोडा फेरफार करून काही चेहरे जास्त गोबरे, मोठ्या डोळ्यांचे केले होते, काही कमी. चेहरा जितका ‘बाळसेदार’ तितका मेंदूतल्या न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स या भागाचा प्रतिसाद जास्त होता. गोड खाताना, बक्षीस मिळताना जो भाग काम करतो, तोच हा.

पुरुषांबद्दलचा एक प्रयोग आम्ही बैठकीत आवर्जून सांगतो. बाळांचे फोटो किती गोंडस वाटतात, असं विचारलं तेव्हा बायकांनी पुरुषांपेक्षा जास्त गुण दिले. पण फोटो पडद्यावर जास्त वेळ टिकवायचा असेल तर बटण दाबत राहा, असं सांगितल्यावर पुरुषांनीही बायकांइतकीच बटणं दाबली. म्हणजे तोंडाने कबूल करायला पुरुष मागे असतील, पाहत राहण्याची ओढ त्यांनाही तेवढीच असते.

“सारे म्हणतात लेकराचं तोंड पाहून कळा विसरशील. मले तर काही वाटूनच नाही राह्यलं. मी वाईट माय आहे का?”

हा प्रश्न चारचौघांत कोणी विचारत नाही. बैठक संपल्यावर, चपला घालता घालता, खालच्या आवाजात येतो. म्हणून त्याचं उत्तर इथे सविस्तर देतो.

तुम्ही वाईट आई नाही. १९८० साली लंडनमधल्या बायकांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिलटकरणींपैकी सुमारे ४० टक्के आणि आधी बाळंतपण झालेल्यांपैकी सुमारे २५ टक्के बायकांनी सांगितलं की, बाळ पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा मनात ठळक असं काही आलंच नाही, कोरंकोरं वाटलं. बहुतेकींना आठवडाभरात माया वाटू लागली. ज्यांना कळांचा फार त्रास झाला, त्यांच्यात असं जास्त आढळलं.

दुसरं असं की, नुकतं जन्मलेलं बाळ चित्रातल्या बाळासारखं दिसतच नाही. चेहरा सुजलेला, डोळे मिटलेले, कातडी सुरकुतलेली किंवा सोलपटणारी, डोकं कधी लांबट झालेलं. कॅनडातल्या अभ्यासकांनी तीच बाळं जन्मल्यावर, तीन महिन्यांची आणि सहा महिन्यांची असतानाचे फोटो लोकांना दाखवले. जन्मतःच्या चेहऱ्यांना सर्वांत कमी आणि सहा महिन्यांच्या चेहऱ्यांना सर्वांत जास्त पसंती मिळाली. गोबरेपणा यायला वेळ लागतो आणि ओढ वाटायलाही.

तोवर काय करायचं? बाळाला उघड्या छातीशी घ्या, दूध पाजताना त्याच्याकडे बघा, अंगाला तेल लावताना त्याच्याशी बोला. नवजात बाळाला वीस-तीस सेंटीमीटरवरचं बऱ्यापैकी दिसतं. मांडीवर घेतलेल्या बाळापासून आईचं तोंड साधारण तेवढ्याच अंतरावर असतं. काही वाटत नसतानाही हे करत राहिलं तर चालतं, त्यात ढोंग काही नाही. जवळ घेतल्याने, हात लागल्याने माया वाढते, हे पुढे बापाच्या प्रश्नात आणखी स्पष्ट होईल. आणि सासूबाईंना हात जोडून विनंती: “अशी कशी गं तू” हे वाक्य या दिवसांत तोंडातून काढू नका.

दोन आठवडे उलटूनही मन कोरं किंवा जड राहिलं, तर खालचा उदासीचा प्रश्न जरूर वाचा.

बाळंतपणात बाईचा मेंदू खरंच बदलतो का?

हो, आणि तो बदल फोटोत दिसतो. एल्सेलीन हुकझेमा आणि सहकाऱ्यांनी २५ बायकांच्या मेंदूच्या प्रतिमा पहिल्या गर्भारपणाआधी आणि बाळंतपणानंतर काढल्या. दुसऱ्याच्या मनातलं ओळखायला लागणाऱ्या भागांत करड्या पेशीभागाचं आकारमान कमी झालेलं दिसलं, आणि ते दोन वर्षांनीही तसंच होतं. कमी झालं म्हणजे बिघडलं, असं समजू नका. त्यांतल्या काही भागांनीच स्वतःच्या बाळाचे फोटो पाहताना सर्वांत जास्त प्रतिसाद दिला. नको त्या जोडण्या छाटून मेंदू नव्या कामाला लागतो, असा अभ्यासकांचा अर्थ आहे.

बाप तर दोन महिन्यांनी बाळ पाहतो. त्याला कुठून माया येणार?

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बाप बारशाला येतो, बाळाच्या हातावर पैसे ठेवतो, फोटो काढतो आणि संध्याकाळच्या एसटीने परततो. बाळ त्याच्या हातात दिलं की कोपरं ताठ, मान आखडलेली, आणि लगेच “घ्या बुवा, पडेल” म्हणून ते परत. मग सगळे म्हणतात, पुरुषाला काय कळतं. पण त्याला कळायला वेळ दिला कोणी?

इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन यांच्या गटाने २०१४ साली पहिल्यांदाच आईबाप झालेल्या ८९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बाळाचं मुख्य संगोपन करणाऱ्या आया होत्या, त्यांना हातभार लावणारे बाप होते, आणि घरात आई नसताना बाळ स्वतः वाढवणारे बापही होते. आयांमध्ये भावना आणि सावधपणाशी जोडलेला, बदामाच्या आकाराचा अमिग्डला हा भाग जास्त सक्रिय होता. हातभार लावणाऱ्या बापांत समोरच्याचे हावभाव वाचणारा, कानाच्या वरच्या बाजूचा भाग जास्त काम करत होता. जे बाप मुख्य संगोपन करत होते, त्यांच्यात मात्र अमिग्डला आयांसारखाच जागा झालेला, आणि हावभाव वाचणारा भागही जोरात. आणि सगळ्या बापांत एक गोष्ट सारखी दिसली: बाळाजवळ जितका वेळ घालवला, तितकी या दोन भागांची एकमेकांशी जोडणी घट्ट.

फिलिपिन्समधल्या सेबू इथे ६२४ तरुणांचा काही वर्षं मागोवा घेतला गेला. बाप झालेल्यांच्या लाळेतलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, बरंच घसरलं. रोज तीन तास किंवा जास्त वेळ बाळाचं करणाऱ्यांत ते आणखी कमी होतं. बापाचं शरीरही बाळासाठी बदलतं.

त्यामुळे आमचं स्पष्ट मत असं: जावयाला पाहुणा म्हणून खुर्चीवर बसवू नका. माहेर दहा-वीस कोसांवर असेल तर त्याने आठवड्यातून एकदा यावं, मुक्काम करावा, लंगोट बदलावा, ढेकर काढावा, रात्री एकदा बाळ घेऊन अंगणात फिरावं. खरिपाची कामं चालू असतील तर रोज येणं जमत नाही, हे मान्य. पण वेळ मिळेल तेव्हा बाळ त्याच्या हातात राहू द्या आणि कोणी लगेच काढून घेऊ नका.

आजीला नातवाची माया लेकरापेक्षा जास्त असते, हे खरं?

जास्त की कमी हे मोजता येत नाही, पण वेगळी असते. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात जेम्स रिलिंग यांनी २०२१ साली पन्नास आज्यांच्या मेंदूची तपासणी प्रसिद्ध केली. नातवाचा फोटो पाहताना त्याला जे वाटतं तेच आपल्यालाही वाटावं, अशा भावनेशी जोडलेले भाग जास्त सक्रिय झाले. स्वतःच्या मोठ्या झालेल्या मुलाचा किंवा मुलीचा फोटो पाहताना मात्र याच्या मनात काय चाललंय, हे समजून घेणारे भाग पुढे होते. नातू हसला की आजी हसते, रडला की तिचा जीव कासावीस होतो; लेकाकडे बघून ती विचार करत बसते. आज्यांना हे सांगितलं की बहुतेक जणी मान डोलावतात.

वेचणीच्या दिवसांत बाळ आजीजवळ ठेवून वावरात जाते. ते मला विसरेल का?

विसरणार नाही. बाळ पोटात असल्यापासून आईचा आवाज ऐकत असतं. जन्मून तीन दिवसही न झालेली बाळं आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात, हे १९८० सालीच दिसून आलं आहे. संध्याकाळी आल्यावर हातपाय धुऊन, फवारणीचे कपडे बदलून, चुलीकडे वळण्याआधी थोडा वेळ फक्त त्याला घेऊन बसा. स्वयंपाकाला उशीर झाला तर होऊ द्या.

बाळ रडलं की डोकं फिरतं. दुसरा कोणताही आवाज इतका का टोचत नाही?

कारण तो टोचण्यासाठीच आहे. एका प्रयोगात चाळीस जणांना बाळाचं रडणं, मोठ्या माणसाचं रडणं आणि पाखरांचे आवाज ऐकवले आणि लगेच बिळातून डोकावणाऱ्या उंदराला हातोडी मारण्याचा खेळ खेळायला लावला. बाळाचं रडणं ऐकल्यावर लोक जास्त चपळ आणि अचूक झाले, बाया आणि पुरुष दोघंही. रडणं कानावर पडलं की शरीर उठून धावायच्या तयारीत येतं. ही तयारी झाली, पण बाळ काही केल्या शांत होत नाही, तेव्हा तीच ऊर्जा चिडचिड होऊन बाहेर पडते. जागरण झालेल्या आईला तर हे फारच जड जातं.

मार्क बॉर्नस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली अकरा देशांतल्या ६८४ आयांचं निरीक्षण प्रसिद्ध केलं. बाळ रडलं की सगळ्या देशांतल्या आया साधारण सारखंच करतात: उचलतात, छातीशी धरतात, बोलतात. तेव्हा “उचललं की सवय लागते, रडू दे” हा सल्ला निदान पहिल्या काही महिन्यांत तरी कानाआड करा. इतक्या लहान जिवाला हट्ट ठाऊक नसतो.

रडणं साधारण सहा आठवड्यांच्या सुमारास सर्वांत जास्त असतं, मग तीन-चार महिन्यांपर्यंत ओसरतं. भूक, ओला लंगोट, उकाडा (मे महिन्यात आपल्याकडे बाळाला टोपडं, मोजे आणि दुपटं गुंडाळून ठेवतात, ते आधी काढा), ताप, पोटदुखी हे सगळं पाहूनही ते थांबत नसेल आणि तुमचा राग अनावर होत असेल, तर बाळाला खाली सतरंजीवर पाठीवर निजवा, घरातल्या कोणाला तरी हाक मारा आणि थोडा वेळ बाहेर जाऊन उभं राहा. बाळाला कधीही गदागदा हलवू नका. त्याची मान कमजोर असते. हलवल्याने मेंदूत रक्तस्राव होऊन ते कायमचं अपंग होऊ शकतं किंवा दगावू शकतं.

झोपेत बाळ हसतं ते सटवाई हसवते म्हणतात. मग ते आपल्यासाठी कधी हसतं?

झोपेतलं ते हसू बाळाच्या मेंदूच्या आतल्या हालचालींमुळे आपोआप येतं. तुमच्या तोंडाकडे पाहून उमटलेलं पहिलं हसू सहसा सहा ते आठ आठवड्यांचं असताना दिसतं. आणि तेव्हा आईच्या मेंदूत खरी दिवाळी असते. ह्यूस्टनमध्ये २००८ साली २८ पहिलटकरणींना स्वतःच्या आणि परक्या बाळाचे हसरे, साधे आणि रडवे चेहरे दाखवले गेले. स्वतःच्या बाळाचा हसरा चेहरा पाहताना डोपामिन या मेंदूतल्या रसायनावर चालणारे, आनंदाशी जोडलेले भाग सर्वांत जास्त सक्रिय झाले. रात्रभर जागून सकाळी बाळ हसलं की थकवा का पळतो, ते यावरून कळेल.

बाळ फार रोड आहे, किंवा ओठ दुभंगलेला आहे. लोक तोंड फिरवतात. का?

हे लिहिताना मन दुखतं, पण खरं ते सांगायला हवं. गालावर मांस नसलेल्या, कमी वजनाच्या चेहऱ्याला लोक कमी गोंडस मानतात, असं अभ्यासात दिसलं आहे. ओठ दुभंगलेल्या बाळांचे चेहरे पाहताना तो सेकंदाच्या सातव्या हिश्श्यातला प्रतिसादही मंद पडतो, हे २०१३ साली ऑक्सफर्डच्याच गटाने दाखवलं. लोकांचा मेंदू थबकतो म्हणून बाळ कमी हवं, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. उलट ज्या बाळाला सर्वांत जास्त जवळ घ्यायला हवं, त्याच्याच वाट्याला कमी नजरा येतात, हे आपल्याला माहीत असलं की आपण जाणूनबुजून त्याला जास्त वेळ देऊ शकतो. मेळघाट असो की गडचिरोली, कमी वजनाची बाळं आपल्याकडे घरोघरी आहेत.

कमी वजनाच्या बाळाला छातीशी, कातडीला कातडी लावून बांधून ठेवणं, म्हणजे कांगारू पद्धत, हे औषधाइतकं महत्त्वाचं आहे. भारतासह पाच देशांतल्या दवाखान्यांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १ ते १.७९९ किलोच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं ठेवल्यावर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. आई थकली तर बापाने, आजीने, मावशीने घ्यावं. दुभंगलेल्या ओठावर शस्त्रक्रियेने चांगला उपाय होतो आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ती मोफत होते. आशाताईंकडे नाव नोंदवा. तोवर बाळाचे फोटो काढा, त्याला मांडीवर घेऊन ओसरीवर बसा, लपवू नका.

काजळाने डोळे मोठे दिसतात. घालावं का?

डोळ्यांत घालू नका. काही काजळ-सुरम्यांत शिसं असतं, ते वाढत्या मेंदूला घातक आहे; शिवाय बोटाने जंतू डोळ्यांत जातात. आजीला तीट हवीच असेल तर घरी धरलेल्या काजळीचा ठिपका तळपायाला लावा, तेही बाळ पाय तोंडात घालू लागेपर्यंतच.

गोबरे गाल पाहून चावावंसं, करकचून आवळावंसं का वाटतं?

असं पुष्कळांना वाटतं. ओरियाना अ‍ॅरागॉन यांनी २०१५ साली यावर लिहिलं: आनंद फारच दाटला की मेंदू उलट्या भावनेने त्याला लगाम घालतो, जसं लग्नात रडू येतं. वाटणं ठीक, चावू नका. आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांत कोणालाही बाळाच्या तोंडाचे मुके घेऊ देऊ नका, सर्दी-खोकला असलेल्यांना तर नाहीच.

बाळंतिणीला उदासी आली की बाळाचा चेहरा तिला वेगळा दिसतो का?

चेहरा दिसतो तोच, मेंदूचा प्रतिसाद मंदावतो. उदासी असलेल्या आयांमध्ये स्वतःच्या बाळाचं हसणं आणि रडणं या दोन्हींना येणारा प्रतिसाद बोथट झालेला दिसला आहे. म्हणून “एवढं गोड लेकरू आहे, तुला कशाचं दुःख” या समजावणीचा उपयोग होत नाही. गोड वाटण्याची यंत्रणाच त्या काळात आजारी असते.

हा आजार आपल्याकडे कमी नाही. भारतातल्या अभ्यासांचा २०१७ साली एकत्र आढावा घेतला तेव्हा सुमारे २२ टक्के आयांमध्ये प्रसूतीनंतरचं नैराश्य आढळलं. पहिल्या आठवड्यात येणारी रडरड बहुतेकींची दोन आठवड्यांत जाते. त्यानंतरही झोप लागत नाही, बाळाकडे बघवत नाही, जीव नकोसा वाटतो असं असेल, तर हा आजार आहे आणि तो उपचारांनी बरा होतो. तिसरी मुलगी झाली म्हणून घरात अबोला असेल, घरावर कर्ज असेल, नवरा पीत असेल, तर आजाराला खतपाणी मिळतं. तिथे घरातल्यांनीही बदलावं लागतं. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक दिवसरात्र मोफत आहे, मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, कानात आवाज ऐकू येत असतील, तर त्या बाईला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

दूध पाजताना मोबाईल पाहिला तर काय बिघडतं?

एखाद्या वेळी पाहिला तर काही नाही. पण एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेला प्रयोग लक्षात ठेवा. खेळवणाऱ्या आईने अचानक चेहरा दगडासारखा निर्विकार ठेवला. बाळ आधी हसून, हात हलवून तिला बोलावतं. मग मान वळवतं, शेवटी रडतं. तेही काही मिनिटांत. रीलमध्ये अडकलेला चेहरा बाळाला तसाच दिसत असणार, असं आम्हाला वाटतं. बाळ टक लावून पाहत असेल, आवाज काढत असेल, तेव्हा फोन उपडा ठेवा. झोपेत पीत असेल तर बघा खुशाल, तुम्हालाही विरंगुळा हवा.

बाळ आजारी आहे हे चेहऱ्यावरून, आवाजावरून ओळखता येतं का?

येतं, आणि हे विदर्भानेच जगाला दाखवून दिलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. घरोघरी जाऊन त्या नवजात बाळ तपासत, आयांना शिकवत. त्यांचा अभ्यास १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला; शेजारच्या गावांच्या तुलनेत तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत घरी येतात, त्यामागे हेच काम आहे.

रोज बाळाला हाताळणाऱ्या बाईला फरक आधी कळतो, तेव्हा तिचं ऐका. “आज हे वेगळंच दिसून राह्यलं” असं ती म्हणाली तर हसण्यावारी नेऊ नका. ही लक्षणं बघा: आधी जोरात रडणारं बाळ आता क्षीण रडतं किंवा रडतच नाही, चोखणं कमी झालं किंवा थांबलं, अंग ढिलं पडलं, उठवूनही उठत नाही, हातपाय गार किंवा अंग तापलेलं, श्वास घेताना छाती आत ओढली जाते, बेंबीत पू, पोट फुगलं, वारंवार उलटी. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत बाळाला आईच्या उघड्या छातीशी, वरून लुगडं किंवा शाल पांघरून ठेवा. चोखता येत असेल तर पाजत राहा, गुटी किंवा मध चाटवू नका, आणि निघताना लसीकरणाचं कार्ड बरोबर घ्या.